केबलची चार टोकं

“मार डाला! अरे, मार डाला इस लडकी ने!”

बाबूसेठ असा ओरडला की कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्यांवरची, म्हणजे समाध्यांवरची कबुतरं उडाली ती, माझ्या माहितीप्रमाणे, थेट देवासला जाऊन उतरली. समोरच्या भांडीवाल्याच्या हातातली परात पडली आणि ती गोल गोल फिरत वाजत राहिली. दोन सायकलवाले थांबले, त्यांना बघायला चार थांबले, आणि पाच मिनिटांत दुकानापुढे एवढी गर्दी झाली की मागून आलेले एकमेकांना विचारायला लागले, “किसका मर्डर हुआ, भिया?” मर्डर झाला होता एका तारेचा, आणि खुनी मी होते. माझ्या हातात पकड होती, अंगात एकोणीस वर्षांची मस्ती होती, आणि समोर माणसाच्या उंचीचे दोन विलायती स्पीकर उभे होते, सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखे. तोंडातून शब्द नाही. मी बटण दाबलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. उजवा स्पीकर ठार मुका. डाव्यातून भिंतीपलीकडे कुणीतरी कागद चुरगाळतंय अशी खसखस येत होती. मुहूर्त संध्याकाळी पाचचा होता आणि सकाळचे अकरा वाजून गेले होते.

बाबूसेठचं मूळ दुकान कापडाचं. इंदूरच्या मिलांचे लठ्ठे आणि चादरी विकून त्याच्या तीन पिढ्या जाड झाल्या. मग मिलांना एकामागून एक कुलपं लागायला लागली, आणि त्याच सुमारास बाहेरच्या मालाला देश मोकळा झाला, तसं सेठनं कापडाचे तागे उचलून गोदामात टाकले आणि त्या जागी काचेचं दार लावून म्युझिक सिस्टिमचं शोरूम काढलं. माणूस मनानं वाईट नव्हता. त्याला मराठी उत्तम कळायची, पण ओरडायला हिंदीच लागायची. मला त्यानं तीन महिन्यांच्या ट्रायलवर ठेवलं होतं. आयटीआयच्या रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते हे एक कारण, आणि माझं तोंड हे दुसरं. “सेठजी,” मी मुलाखतीत म्हटलं होतं, “मी वाइंडरमिस्त्रीची मुलगी आहे. तार मी आईच्या दुधाबरोबर प्यालेय.” उद्घाटन नीट पार पडलं तर मी पक्की होणार होते. घरात तेव्हा दुसरं कुणी कुठेच पक्कं नव्हतं.

त्या स्पीकरांबरोबर आलेली केबल म्हणजे अजगर होता. मनगटाएवढी जाड, वर चंदेरी जाळीचं विणकाम, आणि लांबी एवढी की पुढचं टोक इंदुरात असेल तर मागचं उज्जैनला जेवून येईल. सेठची ऐकण्याची खोली मात्र आमच्या न्हाणीघरापेक्षा जराच मोठी. उरलेली केबल वेटोळं घालून जमिनीवर पडायची. आदल्या दिवशी सेठच्या म्हाताऱ्या आईचा पाय तीत अडकला आणि तिनं जाहीर केलं की घरात साप पाळणाऱ्याच्या हातचं पाणी ती पिणार नाही. म्हणून सकाळी सेठ म्हणाला, “बिटिया, छोटी कर दे.” मी म्हटलं, “अभी लो.” माप घेतलं, वर वीतभर ढील ठेवली, दोन्ही केबली कापल्या. आतून तांब्याच्या तारा निघाल्या, केसाएवढ्या बारीक, एकेका टोकात शंभर-दीडशे. लालसर, चमकदार. मी त्यांना पीळ दिला, नव्या सोनेरी पिनांत घातलं आणि स्क्रू असे आवळले की पेचकसानं माफी मागितली. दोन केबली, प्रत्येकीच्या दोन तारा, एकूण चार टोकं. पंधरा मिनिटांचं काम.

आणि नंतर ती खसखस. मीटर लावला तर काटा हलायला तयार नाही. तांबं आहे, डोळ्यांना दिसतंय, स्क्रू घट्ट आहे, आणि वीज मात्र पलीकडे जात नाही! टाकी भरलेली, नळ उघडा आणि बादली कोरडी. स्क्रू सोडून परत आवळले. पिना बदलल्या. खजरान्याच्या गणपतीला पाच फेऱ्या बोलले, मग अकरा, मग एकवीस. आजही कुठलं यंत्र मुकाट बसलं की मी आधी फेऱ्या बोलते. माझी नात हल्ली कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी खुपसून गाणी ऐकते, तारच नाही. तिला मी ही गोष्ट सांगायला गेले तर म्हणते, आजी, तू फेकतेस. फेकते थोडं. पण ज्या भागात फेकते तो भाग आता संपला.

“चल,” सेठ म्हणाला, आता आवाज खाली आणून, आणि तो मला ओरडण्यापेक्षा जास्त भारी पडला. “तेरे पिताजी को दिखाते हैं. बहुत नाम सुना है मिस्त्रीजी का. देखें.” केबली मांडीवर घेऊन मी त्याच्या मोटारीत मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होते, आणि अंत्ययात्रेला निघाल्यासारखी बसले होते.

आमचं घर मिलच्या मागच्या गल्लीत, तीन खोल्यांचं. मिलचा भोंगा बंद झाल्यापासून त्या गल्लीत लोकांना भूक कधी लागते तेच कळेनासं झालं होतं. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला जायची, एक म्हातारे तर भोंग्याशिवाय शौचाला जाऊ शकत नाहीत म्हणून त्यांचा नातू तोंडाने भोंगा काढायचा. दादा, म्हणजे माझे वडील, मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नव्या तारेची कॉइल गुंडाळून बसवायचे. जळकी मोटर पुढे आणली की नुसता वास घेऊन सांगायचे, कुठली कॉइल गेली. पाळी संपवून घरी आले की मोहल्ल्यातले जळके पंखे वाट बघत बसलेले असायचे, डॉक्टरकडे पेशंट बसावेत तसे. दादा फळीवर कॉइल गुंडाळायचे, हँडल फिरायचं, कर्र कर्र कर्र, आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र. आमचं घर म्हणजे हे दोन आवाज. दादांनी तार भरलेला पंखा मालकाच्या नातवाच्या लग्नातही फिरतो, असं लोक म्हणायचे. मी शाळेत सांगताना त्यात पणतूही घालायचे.

मिलला कुलूप लागून आठ महिने झाले होते. पंखे तर जळतच होते, पण दुरुस्त करून घेणारेही मिलवालेच, त्यामुळे उन्हाळा पुठ्ठ्यानं वारा घेत काढायची रीत पडली. दादांचे सोबती सांवेर रोडच्या कारखान्यांत चौकीदार झाले. दादाही एक दिवस जाऊन आले. आईनं विचारलं, काय झालं? म्हणाले, “रात्री जागता येईल का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जागतोच.” पण त्यांना घेतलं नाही. त्या दिवसापासून उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसायचे आणि हूं, नाही, वाढ, पुरे, या चार शब्दांवर दिवस काढायचे.

त्या उंबऱ्यासमोर सेठची मोटार थांबली. गल्लीतली सगळी दारं उघडली. आई आतून आली, एका नजरेत माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता कांदा चिरायला परत गेली. आमच्याकडे संकट आलं की आधी पोहे होतात. सेठ खुर्चीवर बसला. मी केबली दादांच्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगितलं: कापली, टोकं बसवली, मेली.

दादा एक टोक घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरलं. नखानं खरवडलं. एक तार सुटी करून दाताखाली घातली. आणि मग आठ महिने मुका असलेला माणूस असा गरजला की माझ्या हातातला पेचकस खाली पडला.

“मंदे! ही उघडी तार वाटली तुला?”

“तांबं दिसतंय की, दादा.”

“तांबं दिसतंय! इनॅमल आहे त्याच्यावर! एकेका तारेला वेगळं! पंख्याच्या तारेला असतं तेच!” दादांनी ते टोक माझ्या नाकापुढे धरलं. “तू स्क्रू आवळलास तो वार्निशावर. आत तांबं कोरडंच राहिलं. वाइंडरच्या घरात जन्मलीस आणि इनॅमलला तांबं म्हणतेस?”

मला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. कारण खरं होतं. इनॅमलची तार आमच्या घरात गवतासारखी उगवायची. वाळत घालायची दोरी त्याच तारेची, दिवाळीचा आकाशकंदील त्याच तारेनं बांधलेला, माझे गजरे त्याच तारेवर ओवलेले, बरणीच्या तोंडाचं फडकं त्याच तारेनं आवळलेलं. त्या तारेवर तांब्याच्याच रंगाचा लेप असतो आणि तो काढल्याशिवाय वीज आत येत नाही, हे आमच्या मांजरालाही माहीत होतं. आणि मी, जाळी विलायती दिसली म्हणून, आतली तार ओळखलीच नाही. सेठच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा जान आली. “मतलब मरी नहीं? निकल जाएगा ना इनॅमल, मिस्त्रीजी?”

“निकल जाएगा,” दादा म्हणाले.

ते खाली बसले. पत्र्याच्या पेटीतून पातं काढलं, चष्मा लावला. मी समोर, सेठ खुर्चीवर, खिडकीत गल्लीतली सात डोकी. दादांनी एक तार बोटावर घेतली, पातं टेकवलं, ओढलं. टिक्. तार तुटली. दुसरी घेतली. टिक्. तिसरी. त्या तारा केसासारख्या आणि दादांची बोटं मिलच्या मोटरी उलथवून उलथवून केळ्याएवढी झालेली. दहा-बारा तुटल्यावर त्यांनी ते टोक दोन बोटं मागे कापलं आणि नव्यानं सुरुवात केली. टिक्. टिक्. परत कापलं. असं चार-पाचदा. मी वीतभर ढील ठेवली होती, ती आता जेमतेम बोटभर उरली. आणखी एकदा कापलं की केबल स्पीकरपर्यंत पोचणार नव्हती. मग सेठ, मुहूर्त आणि माझी पक्की नोकरी एकदमच संपणार. दादांच्या कपाळावरून घाम निघाला आणि चष्म्याच्या काचेवर येऊन थांबला.

मला कळेना. वास घेऊन मोटर ओळखणारा माणूस. ज्यांच्या कॉइलला गल्ली नमस्कार करायची ते दादा. म्हटलं, वय झालं; म्हटलं, आठ महिन्यांत हात विसरला. वाटेल ते मनात आलं, फक्त खरं ते आलं नाही. सेठनं घड्याळाकडे बघितलं. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, “दादाभिया, आराम से.” त्यानं तर आणखी एक तार तुटली.

तेवढ्यात आई बाहेर आली. पोह्यांच्या दोन बशा, वर शेव, वर जीरावनाचा मसाला. एक सेठला दिली, एक स्टुलावर ठेवली. पदराला हात पुसले आणि दादांना म्हणाली, “उठा जरा. तुमच्यामुळे उजेड अडतोय.”

दादा उठले. लगेच. एखाद्या माणसानं पाण्यातून वर यावं तसे.

“मंदे, स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट आण. एक दिवा, एक वाटी, एक ताटली. आणि दादांच्या जुन्या धोतराचं फडकं, धुतलेलं.” मी आणलं. आईनं मांडी घातली, केबलचं टोक मांडीवर घेतलं आणि तारा मोकळ्या केल्या. माझे केस विंचरायला घ्यायची तशीच, गुंता न ओढता. त्यांच्या तिनं बारा-पंधरा बटा केल्या. दिव्यात स्पिरिट घालून पेटवलं; ज्योत निळी, दिसेल न दिसेल अशी. एक बट ज्योतीत धरली. तारा लाल झाल्या, बरोबर लाल, त्यापुढे क्षणभरही नाही, आणि तशाच वाटीतल्या स्पिरिटमध्ये. चुस्स. फडक्यात धरून ओढल्या. काळा लेप फडक्यावर, आणि तारा निघाल्या गुलाबी, न्हाऊन आलेल्या बाळासारख्या. एक तुटली नाही. दुसरी बट. चुस्स. एकदा वाटीनंच पेट घेतला, सेठ “अरे आग! आग!” करत बशीसकट खुर्चीवर चढला. आईनं वाटीवर ताटली टाकली, दूध उतू जाताना झाकण टाकावं तशी, तिकडे न बघता, आणि पुढची बट उचलली.

मी बघत राहिले. आणि बघता बघता मला भीतीच वाटायला लागली, कारण हे मी आधी बघितलेलं होतं. एकदा नाही, हजारदा. रोज संध्याकाळी. दादा कॉइल गुंडाळून तिच्यापुढे सरकवायचे आणि चहा घ्यायचे. तिची तूर निवडून व्हायची, मेथी खुडून व्हायची, आणि त्याच ताटात, त्याच बैठकीत कॉइलींची टोकं जाळायची, पुसायची, जोडायची, जोडावर आवरणाची नळी चढवायची. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पंख्याची. दादांच्या पंख्यांची टोकं कधी सुटत नाहीत म्हणून तर त्यांचं नाव होतं! आणि मी ते सगळं भाजी निवडण्यात मोजलं होतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मी झोकात लिहायचे, वाइंडर, आणि आईच्या पुढे घरकाम. डोळ्यांसमोर एवढी वर्षं चाललेली गोष्ट माणसाला दिसत नाही, याचा धक्का मला त्या केबलच्या धक्क्यापेक्षा मोठा बसला. खरं सांगते, अजून बसलेला आहे. माझ्याशी कुणी आईच्या हातच्या पोह्यांचं कौतुक करायला लागलं की मी त्याला मध्येच तोडते.

चौथं टोक झालं तेव्हा तीन वाजत आले होते. मी कथलाचे डाग दिले, पिना बसवल्या, मीटर लावला. काटा असा उडाला की काचेवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. (ऐकला. माझ्या यजमानांना मरेपर्यंत पटलं नाही, पण ते तिथे नव्हते.) सेठ खुर्चीवरून उतरला आणि दादांचे दोन्ही हात धरून म्हणाला, “वाह मिस्त्रीजी! उस्ताद इसको कहते हैं! भाभीजी को भी क्या ट्रेनिंग दी है!” दादांनी हात सोडवून घेतले आणि पातं पेटीत ठेवलं. आई वाटी धुवायला आत गेली होती. सेठनं हट्ट धरला की सगळ्यांनी चलायचं, उस्तादांशिवाय बटण दाबायचं नाही. आईनं लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली. दादांनी मिलचा निळा शर्ट काढला, तो परत ठेवला आणि पांढरा घातला.

पाचला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी मर्डर बघायला आलेले निकाल ऐकायला परत आले होते, आमची गल्ली चालत आली होती, सेठची म्हातारी आई जमिनीवर वेटोळं नाही ना हे काठीनं तपासून खुर्चीवर बसली. नारळ फुटला. मी बटण दाबलं, आणि त्या दोन मुक्या जावयांच्या पोटातून सनई निघाली ती अशी, की वाजवणारा श्वास कुठे घेतो तेही ऐकू आलं. समोर भांडीवाल्याच्या पराती आपोआप गुणगुणायला लागल्या. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. सेठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते सगळ्यांना दिसेल असं पुसलं.

मग त्यानं दोन्ही हात वर करून सनई बंद करायला लावली. “सुनो सब लोग! मंदा बिटिया आज से पक्की.” गल्लीनं टाळ्या वाजवल्या. “और सुनो. ऐसी केबलें अब बहुत आएंगी. हर ग्राहक को अपने नाप की चाहिए, और पूरे इंदौर में इसके सिरे निकालनेवाला एक ही आदमी है. मिस्त्रीजी, कल से आप यहाँ बैठोगे. उधर, खिडकी के पास आपकी मेज लगेगी. बोलो, मंजूर?”

टाळ्यांनी काचेचं दार थरथरलं. “मान जाओ, दादाभिया!” मागून कुणीतरी ओरडलं. मी दादांकडे बघितलं. आठ महिने ते ज्याच्यासाठी उंबऱ्यात बसले होते ते समोर उभं होतं, मेजासकट, खिडकीसकट. केबली घरी न्यायच्या, टोकं आईनं काढायची, सकाळी आणून ठेवायच्या. माझ्या डोक्यात तर सगळं ठरूनही गेलं होतं. फक्त मान हलवायची होती. आई त्यांच्या शेजारी उभी होती आणि नव्या फरशीकडे बघत होती, फरशी कुणी पुसली असेल असा विचार करत असावी. दादांनी पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. सेठशी ते नेहमी हिंदीत बोलायचे. त्या दिवशी मराठीतच बोलले, पत्ता सांगावा तसे.

“टोकं मला काढता येत नाहीत,” दादा म्हणाले. “ती कायम हिनंच काढली.”